४० वर्षं, ४२ मुक्काम: गणना ३३ चा हिशेब लावायचा कसा?

भूर्जपत्र
बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा ३३ वा अध्याय म्हणजे मोशेबरोबर मिसर (इजिप्त) सोडलेल्या इस्राएल लोकांच्या, यार्देनेच्या पूर्वेच्या मवाबपर्यंतच्या प्रवासाची मुक्कामवार यादी. अमुक ठिकाणाहून निघाले, तमुक ठिकाणी तळ दिला, एवढंच, चाळीसेक वेळा. बहुतेक वाचक हे पान उलटून पुढे जातात. पण ही यादी निर्गम, गणना १० ते २१ आणि अनुवाद (ही बायबलचीच पुस्तकं) यांच्या शेजारी ठेवली की तीन ठिकाणी गाडं अडतं.

एक, कादेश. कनान देश पाहायला गेलेले हेर दुसऱ्या वर्षी कादेशला परत आले (गणना १३:२६). यादीत मात्र कादेश ३३ व्या क्रमांकावर आहे, म्हणजे प्रवासाच्या अगदी शेवटाकडे. मग पहिलं कादेश गेलं कुठे?

दोन, अहरोन, म्हणजे मोशेचा भाऊ. गणना २० आणि ३३ म्हणतात तो होर डोंगरावर वारला. अनुवाद १०:६ म्हणतं मोसेरा इथे. आणि मोसेरोथ यादीत होर डोंगराच्या सात मुक्काम आधी येतं!

तीन, अदोम, म्हणजे वाटेतला सेईरचा देश. गणना २० मध्ये अदोमाने वाट नाकारली. अनुवाद २:२९ मध्ये सेईरातल्या लोकांनी अन्नपाणी विकत दिलं आणि जाऊ दिलं.

माझं मत असं, की ही यादी कुणी रोजच्या रोज लिहिलेली रोजनिशी नव्हे. आधीपासून असलेला मार्गाचा दस्तऐवज संपादकाने सांगाडा म्हणून घेतला आणि वेगवेगळ्या परंपरांतल्या गोष्टी त्यावर बसवल्या. ते बसवताना सांधे उघडे राहिले. पटतंय का? त्यांनी ओलांडलेला समुद्र नेमका कुठला यावर इथे नको, त्यावर भांडायला वेगळा धागा काढा.

चिंचोका
होरेब (म्हणजेच सीनाय) ते कादेश-बर्ण्या वाट ११ दिवसांची (अनुवाद १:२). लागली ४० वर्षं. आमच्या नाक्यावरच्या उड्डाणपुलाचं कंत्राट याच मंडळींकडे असणार.

गणितीकाका
चिंचोका, विनोद चांगला आहे पण ४० वर्षं कुणी चालत नव्हतं. आधी तारखा, मग नकाशा. उलट केलं की सगळे इथेच फसतात. मजकुरात तारखा मोजक्याच आहेत, त्या एका रकान्यात लिहा (दिवस/महिना/वर्ष, मिसर सोडल्यापासून):

१५/१/१ रामसेस सोडलं (गणना ३३:३)
१५/२/१ सीन रानात (निर्गम १६:१)
तिसरा महिना/१ सीनायपाशी (निर्गम १९:१)
१/१/२ निवासमंडप (उपासनेचा फिरता तंबू) उभा केला (निर्गम ४०:१७)
२०/२/२ सीनाय सोडलं (गणना १०:११)
१/५/४० अहरोन वारला, वय १२३ (गणना ३३:३८)
१/११/४० मवाबात मोशेचं भाषण सुरू (अनुवाद १:३)
१०/१/४१ यार्देन ओलांडली (यहोशवा ४:१९, तिथे वर्ष दिलेलं नाही, हिशेबाने येतं)

पहिल्या आणि शेवटच्या ओळीत ४० वर्षांना ५ दिवस कमी. पण खरी गंमत मधल्या दोन ओळींत आहे. २०/२/२ ते १/५/४० या अडतीस वर्षांत एकाही घटनेला पूर्ण तारीख नाही. गणना २०:१ मध्ये मोशेची बहीण मिर्याम हिच्या मृत्यूच्या जागी 'पहिला महिना' आहे, वर्ष गायब. कोरहाचं बंड, शब्बाथाला लाकडं गोळा करणारा माणूस, अहरोनाच्या काठीला आलेली फुलं, सगळं बिनतारखेचं. सीनायपाशीच सुमारे ११ महिने तळ होता. प्रत्यक्ष चाल किती? यादीतल्या जाग्यांमधली अंतरं कशीही धरा, सगळं मिळून काही महिन्यांपलीकडे जात नाही.

जाता जाता: मान्ना (रानात रोज मिळणारं दैवी अन्न) १५/२/१ नंतर सुरू झाला आणि यार्देनेपलीकडे वल्हांडण सणानंतर लगेच थांबला (यहोशवा ५:१२). म्हणजे ४० वर्षांना एक महिना कमी, आणि निर्गम १६:३५ म्हणतं ४० वर्षं. हा महिन्याचा फरक तालमूद या ज्यू ग्रंथातल्या रब्बींनीही (धर्मपंडितांनीही) पकडला होता. त्यांचं उत्तर: मिसरातून आणलेल्या भाकरीलाच पहिला महिना मान्नाची चव होती.

रेवदंडा
काका __/\__

४२ या आकड्याबद्दल एक. नावं ४२ आहेत, पण त्यात रामसेस धरलंय. रामसेसला मुक्काम नाही, तिथून निघाले. त्यामुळे हालचाली ४१. राशी हा ज्यू भाष्यकार (११ वं शतक, फ्रान्स) जुन्या रब्बीच्या आधाराने वाटणी देतो ती अशी: पहिल्या वर्षातले १४, अहरोनाच्या मृत्यूनंतरचे ८, उरले २० आणि ते ३८ वर्षांत. त्याचा मुद्दा भक्तीचा आहे: देवाने शिक्षा दिली तरी लोकांना सारखं पळवलं नाही. आकडे नावांवर ताडून बघा. रामसेस ते हसेरोथ १४, रिथमा ते होर डोंगर २०, सलमोना ते मवाबचं मैदान ८. जुळतात. हालचाली मोजायला गेलात तर मधल्या टप्प्यात १९ च येतात आणि लोक 'राशी चुकला' म्हणून मोकळे होतात. कुंपणाचे खांब मोजायचे की खांबांमधल्या फटी, एवढाच फरक.

आणि भूर्जपत्र, तुमच्या पहिल्या प्रश्नाला राशीकडे उत्तर आहे. रिथमा (१५ वं नाव) हेच हेरांच्या घटनेचं ठिकाण असं तो धरतो. म्हणजे कादेश दोनदा: एकदा रिथमा या नावाने दुसऱ्या वर्षी, एकदा स्वतःच्या नावाने ४० व्या वर्षी.

अवांतर: आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल मंडळींसाठी वल्हांडणाची पोथी, हग्गादा, मराठी अर्थासह १८४६ साली मुंबईत शिळाछापावर निघाली होती, मग १८७४ मध्ये पुण्यात. तेव्हा हा विषय मराठीत काही आजचा नाही.

रोखठोक
एवढा काथ्याकूट कशासाठी? २० लाख माणसं ४० वर्षं सीनायमध्ये होती आणि एक फुटकं मडकं सापडत नाही. काल्पनिक प्रवासाचं वेळापत्रक जुळवताय. असो, चालू द्या.

ताम्रपट
रोखठोक, २० लाखांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत, बाकीच्याबद्दल अर्धवट. आधी २० लाख निकालात काढू.

गणना १:४६ मध्ये वीस वर्षांवरचे, लढाईला जोगे पुरुष ६,०३,५५०. बायका, मुलं, म्हातारे, लेवी (उपासनेची सेवा करणारा वंश) धरून २० लाख हा नेहमीचा अंदाज. आता चालवा त्यांना. दहा-दहाच्या रांगा, दोन रांगांत १ मीटर अंतर: २०० किमी लांब तांडा, आणि यात जनावरं धरलेलीच नाहीत. पिण्याला माणशी ३ लिटर म्हटलं तरी रोज ६० लाख लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे ६०० टँकर. मराठवाड्यात उन्हाळा काढलेल्याला हा आकडा समजावून सांगायला नको. त्यात शेळ्यामेंढ्या, उन्हात एकेक ४ ते ८ लिटर पिणार.

आणि मजकुराचे आकडे एकमेकांशीही पटत नाहीत. गणना ३:४३ मध्ये महिन्यावरचे सगळे ज्येष्ठ मुलगे २२,२७३. म्हणजे दर ज्येष्ठामागे नुसते वीस वर्षांवरचेच २७ पुरुष. एकेका घरात किती मुलगे होते म्हणायचं?

निंबोणी
ताम्रपट, हा पेच सोडवायचा एक जुना प्रयत्न आहे. हिब्रूत 'हजार' आणि 'घराणं किंवा तुकडी' यांना एकच शब्द. फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाने १९०६ मध्ये सुचवलं, की रऊबेन वंशाचे ४६,५०० म्हणजे ४६ तुकड्या, ५०० पुरुष. बारा वंशांची बेरीज केली तर ५९८ तुकड्या आणि ५,५५० पुरुष. बायकामुलांसह वीसेक हजार. कादेशच्या झऱ्यांवर हे लोक जगू शकतात.

याच्या बाजूने सर्वांत चांगला पुरावा शेकड्यांमध्ये आहे. गणना १ आणि २६ मधल्या दोन शिरगणत्या मिळून २४ आकडे. त्यांच्या शेकड्याच्या जागी ०, १, ८, ९ एकदाही येत नाहीत. सगळे २०० ते ७३० च्या मध्ये. खऱ्या मोठ्या संख्यांचे शेपटे इतके आखडून बसत नाहीत.

गणितीकाका
निंबोणीताई, शेकड्यांचं निरीक्षण बिनतोड आहे. पण सिद्धांत निर्गम ३८:२५-२६ वर आपटतो. तिथे माणशी अर्धा शेकेल चांदी जमा झाली: १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल. शेकेल आणि किक्कार ही वजनं, किक्कार ३,००० शेकेलचा. म्हणजे ३,०१,७७५ शेकेल, दुप्पट केले की बरोबर ६,०३,५५० माणसं. हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात तुकड्या नव्हत्या, रोकडा एकूण आकडा होता. तेव्हा पेट्री बरोबर असेल तर तो आजच्या मजकुराच्या मागच्या कुठल्यातरी थराबद्दल बरोबर आहे, असंच म्हणावं लागतं. शिवाय शिमोनाच्या ५९ तुकड्यांत ३०० पुरुष, म्हणजे तुकडीत ५. गादाच्या ४५ तुकड्यांत ६५०, म्हणजे १४. ही कसली फौज?

निंबोणी
थर वेगळा, हे मान्यच आहे काका. भूर्जपत्र यादीबद्दल तेच म्हणताहेत ना?

सुतारपक्षी
चांदीचा विषय निघालाच आहे तर गाड्यांचा हिशेब टाकतो, कारण तिथेही असंच अडतं.

गणना ७ मध्ये निवासमंडप वाहायला लेवींच्या घराण्यांना सहा गाड्या, बारा बैल. गेर्षोनींना दोन गाड्या (पडदे, कनाती), मरारींना चार गाड्या आणि आठ बैल (फळ्या, अडसर, खांब, बैठका). कहाथींना गाडी नाही, कोश (कराराची पवित्र पेटी) आणि पवित्र वस्तू खांद्यावर. आता मरारींचा माल बघा. चांदीच्या बैठका १००, प्रत्येकी एक किक्कार, साधारण ३० ते ३४ किलो. म्हणजे नुसत्या बैठकाच ३ टनांवर. बैलजोडीच्या गाडीवर वाळूखडकाच्या वाटेने टनभर धरा. तीन गाड्या बैठकांतच संपल्या.

उरल्या एका गाडीत ४८ फळ्या: दक्षिणेला २०, उत्तरेला २०, पश्चिमेला ८. एक फळी १० हात लांब, दीड हात रुंद, म्हणजे ४.५ मीटर बाय ६७ सेंमी. जाडी मजकुरात नाही. रब्बी परंपरेतली जाडी एक हात धरली तर एकेक फळी टनाची, सगळ्या ४८ टन. पहिल्या शतकातल्या ज्यू इतिहासकार योसेफसची चार बोटं धरली तरी फळी १७० किलो, सगळ्या मिळून ८ टन. आणि लाकूड कुठलं, तर रानातली बाभूळ. ती सरळसोट ४.५ मीटर मिळत नाही. तुकडे सांधून जोडावे लागतात, आणि सांधलेली जड फळी दर मुक्कामाला उभीआडवी केली की खुंटीपाशी चिरते.

१९०० च्या सुमारास केनेडी नावाच्या अभ्यासकाने सुचवलं, की या भरीव फळ्या नसून चौकटी आहेत: दोन उभे दांडे, मध्ये आडव्या पट्ट्या. मग तीन गोष्टी एकदम जागेवर येतात. वजन एका गाडीच्या आवाक्याच्या जवळ येतं, प्रत्येक चौकटीला दोनच बैठका का हे कळतं (दोन दांड्यांचे दोन पाय), आणि आतून भरतकामाचा पडदा दिसतो. भरीव फळी लावली तर करुबांचं (पंखवाल्या देवदूतांचं) भरतकाम लाकडामागे झाकून टाकलं की!

चिंचोका
सुतारपक्षी, नाव सार्थ केलंत. धागा वाचनखुणेत.

बखरवाचक
रोखठोक यांच्या 'एक मडकं नाही' वर. तंबूत राहणारे, कातडी पखाली वापरणारे पशुपालक मागे फारसं काही ठेवत नाहीत. तेव्हा मोकळ्या रानात काही न सापडणं हा पुरावा दुबळा. पण जिथे नाव असलेलं गाव हवं तिथे न सापडणं हा पुरावा चांगला जड आहे. त्या जागा मोजक्या:

कादेश-बर्ण्या म्हणजे ऐन अल-कुदैरात, हे आज बहुतेकांना मान्य, ईशान्य सीनायमधला सर्वांत जोरकस झरा. रुडॉल्फ कोहेनने १९७६ ते ८२ मध्ये उत्खनन केलं. एकावर एक तीन किल्ले निघाले, सर्वांत जुना इ. स. पू. १० व्या शतकाच्या आसपासचा. मोशेचा काळ १३ वं शतक धरा नाहीतर १५ वं, त्या काळची वस्ती नाही. एस्योन-गेबेर म्हणून ओळखलं गेलेलं तेल अल-खलैफे त्याहून उशिराचं. अराद: कांस्ययुगाच्या सुरुवातीचं शहर इ. स. पू. २६५० च्या सुमारास ओस पडलं, पुढची वस्ती लोहयुगातली. मग मध्ये 'अरादचा राजा' (गणना २१:१) कोण?

पण सुरुवातीचे मुक्काम बघा, चित्र उलटं. रामसेस म्हणजे कंतीरजवळची पी-रामसेस, दुसऱ्या रामसेसची (इ. स. पू. १२७९ ते १२१३) राजधानी. सुक्कोथ म्हणजे मिसरी कागदपत्रांतलं चेकू. त्या शतकाच्या अखेरच्या एका पपायरसात पळालेल्या दोन गुलामांचा माग काढणारा अधिकारी चेकूवरून जातो आणि पुढे ते मिग्दोलच्या उत्तरेला निसटल्याचं त्याला कळतं. दुसऱ्यात अदोमच्या शासू टोळ्यांना जनावरं जगवायला चेकूच्या ठाण्यातून आत सोडल्याची नोंद आहे. कनानकडची जवळची किनारवाट मिसरी ठाण्यांनी भरलेली होती, तेव्हा तिच्याने नेलं नाही हे निर्गम १३:१७ चं म्हणणं त्या जमिनीशी सुसंगत आहे. म्हणून 'सगळं काल्पनिक' नाही आणि 'सगळं जसंच्या तसं' हेही नाही. यादीच्या एकेका तुकड्याचं वय वेगळं आहे.

रोखठोक
म्हणजे गावं खरी, गोष्ट मागाहून. मी तरी वेगळं काय म्हणालो?

बखरवाचक
तुम्ही 'काल्पनिक' म्हणालात. सरहद्दीचं हे तपशीलवार ज्ञान सातव्या शतकात यरुशलेमात बसून सुचलेलं नाही, एवढाच माझा आग्रह. नावं कुठूनतरी पोचत आली आहेत.

रानपाखरू
खाण्याकडे कुणी पाहिलंच नाही. सीनायमध्ये झाऊच्या झुडपांवर खवलेकिडे रस शोषून गोड थेंब टाकतात, ते रात्री घट्ट होतात, उन्हाने विरघळतात आणि पहाटे मुंग्यांच्या आधी वेचावे लागतात. बोडेनहायमरने १९२७ मध्ये तिथे जाऊन हे तपासलं. पांढरट, धण्याएवढं, मधासारखं गोड: निर्गम १६ च्या वर्णनाशी मेळ चांगला. पण हंगाम जून-जुलैतले काही आठवडे. भर हंगामातही एका माणसाच्या हाती दिवसाला किलोभर. आणि निव्वळ साखर, प्रथिनं जवळजवळ नाहीत. माणशी रोज एक ओमर, म्हणजे दोनेक लिटर, तेही बारा महिने आणि शुक्रवारी दुप्पट, हे किड्यांच्या हातचं नाही. मजकूर ओळखीच्या वस्तूवरून निघतो आणि मुद्दाम तिच्या पलीकडे जातो. किड्यांचा दाखला देऊन चमत्कार 'समजावला' म्हणणाऱ्यांनी मजकूर अर्धाच वाचलेला असतो.

लाव्यांचं उलट. तिथे निसर्ग पुरेसा आहे. लावे वसंतात आफ्रिकेतून उत्तरेला जाताना सीनायवरून जातात, दमून जमिनीलगत उडतात, हाताने धरता येतात. गणना ११ ची वेळ दुसऱ्या वर्षाचा दुसरा महिना, म्हणजे वसंतच. लोक मेले म्हणून जागेचं नाव किब्रोथ-हत्तव्वा पडलं, त्यावर लाव्यांच्या मांसाने होणाऱ्या विषबाधेचा तर्क आहे. ठरावीक हंगामातले लावे खाऊन स्नायू निकामी होण्याचे प्रकार ग्रीसमध्ये नोंदलेले आहेत. त्यात कमीत कमी गोळा करणाऱ्याकडे दहा होमेर, म्हणजे २,००० लिटरच्या वर मांस. वाळत घातलं तरी इतकं टिकणार थोडंच!

ओवीकर
सगळे टन आणि लिटर मोजताहेत, अर्थाकडे कोण बघणार? या प्रवासाचा अर्थ खुद्द संदेष्ट्यांनाच एकसारखा लागलेला नाही. होशेय २ आणि यिर्मया २ ला रान म्हणजे नव्या नवरीचे दिवस, तेव्हाच काय ते प्रेम होतं. यहेज्केल २० ला तेच रान म्हणजे पहिल्या दिवसापासून बंडखोरी. आमोस ५:२५ विचारतो, चाळीस वर्षं रानात तुम्ही मला यज्ञ आणलेत का? त्याला अपेक्षित उत्तर 'नाही', आणि लेवीय तर यज्ञांच्या नियमांनी भरलंय. पुढे ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताने तिसऱ्या शतकात ४२ मुक्काम म्हणजे आत्म्याच्या चढणीच्या ४२ पायऱ्या असं प्रवचन केलं आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायातल्या ४२ पिढ्यांशी जोड लावली. तिथे ख्रिस्त ४२ पायऱ्या उतरला, इथे आपण चढतो. भूगोल त्याच्या गावीही नव्हता.

आडवाट
ओवीकर, ओरिगेनचं वाचन सुंदर आहे, पण मूळ प्रश्न भूगोलाचाच होता. तिकडे परततो.

भूर्जपत्र, यादीत कुठे बिघाड आहे हे शोधायचं तर लागोपाठच्या दोन नावांमधलं अंतर मोजा. मेंढरं आणि लेकुरं घेऊन दिवसाची चाल १५ ते २५ किमी. जबल मूसाला सीनाय धरलं तर तिथून ऐन अल-कुदैरात सरळ रेषेत साधारण २४० किमी. ११ दिवसांनी भागा, रोज २२. अनुवाद १:२ चोख उतरतं. (सीनाय अरबस्तानात नेऊन ठेवणाऱ्यांनी आधी या ११ दिवसांचं उत्तर द्यावं.)

आता यादीतली ओळ ३६ (गणना ३३:३६): एस्योन-गेबेरहून निघाले, कादेशला तळ दिला. अकाबाच्या टोकापासून कादेश सरळ रेषेत १३० किमी, म्हणजे सहा ते आठ दिवस. मध्ये एकही मुक्काम नाही! जी यादी बाकी ठिकाणी इतकी बारीक आहे ती इथे ढांग टाकते.

एवाल्ड या जर्मन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात उपाय सुचवला: ३६ व्या ओळीचा उत्तरार्ध ते ४१ चा पूर्वार्ध, म्हणजे कादेश आणि होर डोंगर, उचलून ३० व्या ओळीत हश्मोनाच्या मागे लावा. मग क्रम असा होतो: हश्मोना, कादेश, होर, मोसेरोथ, बने-याकान, होर-हगिदगाद, यटबाथा, अब्रोना, एस्योन-गेबेर, सलमोना, पुनोन. एका फटक्यात तीन गोष्टी. ढांग जाते. कादेशहून दक्षिणेला अकाबाकडे आणि मग अदोमाला वळसा, हे अनुवाद २:८ शी जुळतं. आणि होर डोंगर मोसेरोथच्या शेजारी येतो, त्यामुळे अहरोनाच्या मृत्यूच्या दोन जागा प्रत्यक्षात शेजारशेजारच्या ठरतात.

रेवदंडा
पण एकाही हस्तलिखितात असा क्रम नाही. आणि अनुवाद १०:६ मध्ये बने-याकान आधी, मोसेरा नंतर, म्हणजे यादीच्या उलट. ते तुमच्या उचलाउचलीनेही सुटत नाही. शोमरोनी पंथाच्या पंचग्रंथात (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या त्यांच्या प्रतीत) तर अनुवाद १०:६ च बदलून यादीशी जुळवून घेतलंय आणि अहरोनाला होर डोंगरावर नेलंय. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखकूलाही हे खुपत होतं. राशीची तोड अशी: अहरोन होरवरच वारला, मग लोक घाबरून मिसरकडे मागे फिरले, लेवींनी त्यांना मोसेरोथला गाठलं, मारामारी झाली, आणि सुतक तिथे पाळलं म्हणून अनुवादात तिथलं नाव.

आडवाट
हस्तलिखिताचा आधार नाही, खरंच नाही. म्हणून मी त्याला पुरावा म्हणत नाही, निदान म्हणतो. सांधा नेमका कुठे उखडलाय ते दिसतं. राशीची मारामारी मात्र मजकुरात कुठेच नाही, ती तर हस्तलिखितांपेक्षाही दूरची.

ताम्रपट
तिसऱ्या प्रश्नाकडे, अदोमकडे कुणी गेलंच नाही. पुनोन म्हणजे अराबाच्या (मृत समुद्र ते अकाबा या खोऱ्याच्या) पूर्व काठावरचं फैनान, त्या भागातली तांब्याची सर्वांत मोठी खाण. अदोमाच्या पठाराच्या पायथ्याला, म्हणजे अदोमाच्या अंगणातच. गणना २१:४ म्हणतं अदोमाला वळसा घालायला तांबड्या समुद्राच्या वाटेने गेले. यादी मात्र होर, सलमोना, पुनोन, ओबोथ अशी आडवी कापत जाते. म्हणजे वळशाची गोष्ट आणि यादी यांची वाट एक नाही. अनुवाद २:२९ यादीच्या बाजूला आहे: सेईरातून गेले, अन्नपाणी विकत घेतलं.

आता गणना २१ मधला पितळी साप कुठे उभारला? मजकूर जागा सांगत नाही, फक्त होर डोंगर आणि ओबोथ यांच्या मध्ये. यादीत त्या दोघांच्या मध्ये सलमोना आणि पुनोन. तांब्याच्या सापाची गोष्ट नेमकी तांब्याच्या खाणीपाशी! अराबातच दक्षिणेला तिम्ना इथे बेनो रोथेनबर्गला १९६९ मध्ये खाणकामगारांच्या देवळात तांब्याचा छोटा साप सापडला, तोंडाला सोन्याचा मुलामा. तोच हा असं कुणी म्हणत नाही. पण या पट्ट्यात तांबं, साप आणि पूजा एकत्र होती एवढं तरी पक्कं. गोष्ट सांगणाऱ्याला जागा माहीत होती की नाही कोण जाणे, यादी करणाऱ्याला नक्की माहीत होती.

गणितीकाका
ताम्रपट, वेळेचं गणितही यादीच्याच बाजूने आहे. अहरोन १/५/४०, त्याचं सुतक ३० दिवस (गणना २०:२९), म्हणजे हलले १/६ च्या सुमारास. १/११ ला मवाबात भाषण. मध्ये पाच महिने. त्यात सिहोन आणि ओग या राजांशी लढाया, बलामाचं प्रकरण आणि दुसरी शिरगणती. अकाबापर्यंत खाली जाऊन अदोमाला पुरा वळसा म्हणजे आणखी ३०० किमीच्या वर. अशक्य नाही, पण ओढाताण आहे. सरळ पुनोनवरून गेले तर हाच वेळ ऐसपैस पुरतो.

भूर्जपत्र
सगळ्यांचे आभार. माझ्या तिन्ही प्रश्नांपैकी अदोमाला ताम्रपट आणि काकांचं उत्तर सर्वांत पटलं: गोष्ट वळशाची, यादी सरळ वाटेची, दोन वेगळ्या आठवणी. अहरोनाच्या बाबतीत रेवदंडांचा आक्षेप मला एवाल्डपेक्षा जड वाटतो. अनुवाद १०:६ हा मुळात वेगळ्याच यादीचा तुकडा असावा, त्याला गणना ३३ शी जुळवायलाच जाऊ नये. कादेशचं मात्र ठरत नाही. रिथमा म्हणजे पहिलं कादेश हे फार सोयीचं आहे, आणि यादीला स्वतःला ते ठाऊक असल्याचं कुठे दिसत नाही.

निंबोणी
कादेश दोनदा हवंच कशाला? गणना १४:३३ नीट पाहा. तुमची मुलं ४० वर्षं रानात मेंढपाळ होतील, असा मूळ शब्द आहे, भटकतील नव्हे. अनुवाद १:४६ म्हणतं कादेशात पुष्कळ दिवस राहिले. मेंढपाळ झऱ्याभोवती राहतात: हिवाळ्यात पाऊस पडला की कळप घेऊन पांगतात, उन्हाळ्यात पाण्यावर परततात. रिथमा ते एस्योन-गेबेर ही अठरा नावं त्या पांगण्यातल्या चराईच्या जागा असतील तर यादीत कादेश शेवटी येणं स्वाभाविक आहे. सगळे जिथून एकत्र हलले ती जागा तीच.

आडवाट
निंबोणी, मग ही नावं कादेशच्या भोवती सापडायला हवीत. अठरापैकी ज्यांची जागा सुचवता येते ती यटबाथा आणि एस्योन-गेबेर दोन्ही अराबाच्या दक्षिण टोकाला. मेंढरं चारायला कुणी १३० किमी खाली अकाबाला जात नाही.

निंबोणी
बने-याकान सोडलंत तुम्ही. ते कादेशच्याच बाजूला दाखवणारे नकाशे आहेत. आणि एस्योन-गेबेर बंदर आहे, तिथे चारायला नाही, बाजाराला जातात. लोकर आणि कातडी विकायला.

चिंचोका
म्हणजे ३८ वर्षांत एकदा बाजार. घरची मंडळी कशी ऐकत होती म्हणे?

निंबोणी
ऐकत कुठे होती? गणना ११ ते २१, दर दुसऱ्या पानाला कुरकुर आहे.